प्रत माहितीसाठी

"तिकीट उलटं डकवलंय का बाई म्या? लई येळ बघाय लागलाय."

खिडकीपलीकडचा म्हातारा कावराबावरा होऊन विचारत होता. तिकीट सुलटंच होतं. दहा रुपयांचं, कोर्ट फीचं, खळीनं गच्च चिकटवलेलं. मी बघत होते ते अक्षर. आखीव वहीचं पान, त्यावर शाळेतल्या पोरीसारखं गोल अक्षर, आणि वर ठळक लिहिलेलं, 'माहितीच्या अधिकाराचा अर्ज'.

"बरोबर आहे आजोबा. नाव काय?"

"यल्लाप्पा हणमंत धोत्रे. वडारवस्ती. पाटं-वरवंटं घडिवतो."

करंजवडी नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलाला लागून मला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. माझे वडील पालिकेच्या पंपावर ऑपरेटर. ते ड्यूटीवरच गेले, म्हणून अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. म्हणजे नोकरी वडलांच्या जिवावर मिळालेली. मी चुकले तर लोक नावं ठेवणार त्यांना, ही धास्ती कायम मनात. त्यामुळं मी अशी काटेकोर झाले, की शिपाई मागून मला 'टाचणीबाई' म्हणायचे. म्हणेनात का! माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड काढून दाखवा म्हणावं.

अर्जात मागणी एकच होती. शाळा नंबर तीनच्या आवारातल्या पाण्याच्या टाकीची मोजमाप पुस्तिका कार्यालयात येऊन बघायला मिळावी. बांधकाम होताना काय किती वापरलं ते इंजिनिअर ज्यात लिहितात, ती पुस्तिका. आता अर्जदाराला कारण विचारायचं नसतं. कायद्यात तसं लिहिलंय. पण गप्प बसेल ती मी कसली!

"ती कशाला हो बघायची तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हात खिडकीच्या गजातून आत घातले. बोटं दगडानं झिजून बोथट झालेली.

"ह्या हातानं सळ्या बांधल्यात बाई त्या टाकीच्या. खांबाला बाराची सळी घातली. मुकादमाला म्हणलं बी, ही बारीक पडंल. तर म्हणला, तू बांध. आता दोन वरसांत खांबाच्या बुडाला भेग गेलीया. बोट जातंय आत. विंजनेरसायबाला सांगितलं तर म्हणत्यात, तू अडाणी हाईस, पुस्तकात सोळाची लिवलीया. म्हणलं, मग दावा की पुस्तक."

"अहो, पण तुम्हाला वाचता येतं का?"

"पोरगी येईल संगट. रेणुका. सातवी शिकलीया, ह्यो कागुद तिनंच लिवलाय. त्याच टाकीखालच्या शेडात शाळेची खिचडी शिजवती ती. दीडशे पोरं बसत्यात बाई तिथं जेवाय. माझा नातू बी."

मी पोचपावती दिली. शिक्का सरळ मारला. म्हातारा पावती टोपीत ठेवून गेला.

आमचे हेडक्लार्क वायचळ अण्णा. तपकीर ओढायचे आणि तपकिरीबरोबर एक नियम सांगायचे. "विमल, ध्यानात ठेव. पत्र चुकलं तर माफी मिळते. प्रत द्यायची राहिली तर मेमो मिळतो." कधीकाळी कुठल्याशा सभापतींना एका पत्राची प्रत जायची राहिली आणि अण्णांची वेतनवाढ वर्षभर अडकली. तेव्हापासून आमच्या कचेरीत रिवाज पडला, ज्याचा ज्याचा विषयाशी संबंध, त्या प्रत्येकाला प्रत. पत्राखाली 'प्रत माहितीसाठी' लिहायचं आणि यादी करायची. साधी गटार तुंबल्याची तक्रार असली तरी प्रती सहा जणांना. अण्णा पत्र वाचायचे नाहीत. यादी तेवढी मोजायचे.

सहा तारखेला मी यल्लाप्पांना पत्र केलं. 'दिनांक १२ रोजी सकाळी अकरा वाजता कार्यालयात उपस्थित राहून अभिलेख पाहावा.' खाली प्रती : एक, अभियंता. दोन, पाणीपुरवठा विभाग. तीन, मुख्याध्यापक, शाळा क्रमांक तीन. चार, ठेकेदार. आणि सगळ्यांना सोबत अर्जाची झेरॉक्स, कारण विषय कळायला नको? मुख्याधिकारी साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली. अण्णांनी यादी मोजली. "चार. ठीक," म्हणाले. मी जावक रजिस्टरला नोंद केली, क्रमांक चारशे सतरा, आणि पाचही पाकिटं टपालाला दिली. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ खिडकीशी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात माझंच पत्र.

"नमस्कार ताई. मी बापूंचा दिवाणजी. टाकीचं काम आमच्याकडंच होतं ना. पत्र तुम्ही लिहिलंत? फार सुबक लिहिलंय हो. सरकारी कचेरीत असं पत्र बघायला मिळत नाही आताशा."

मी फुगले. आठ महिन्यांत मला कुणी बरं म्हटलं नव्हतं.

"बापू म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला कशाला हेलपाटा? आपणच जाऊन त्यांची शंका दूर करू. पण पत्रावर नुसतं वडारवस्ती लिहिलंय. तिथं शंभर घरं, सगळी सारखी."

"सारखी कशी?" मी म्हणाले. माझ्या पत्त्यात कुणी उणं काढावं हे मला सोसेना. "मरीआईच्या देवळामागं जा. दारात पाटे-वरवंटे मांडलेलं एकच घर आहे. आमच्या घरचा पाटा तिथलाच."

"वा! तुम्ही तर घराची खूणच दिलीत," दिवाणजी हसले. पत्राची घडी घातली, खिशात ठेवली. "उपकार झाले ताई."

ते जिना उतरत होते तेव्हा अण्णा कोर्टातल्या तारखेहून परत येत होते. जिन्यात दोघांची गाठ पडली असावी. अण्णा वर आले ते तपकिरीची डबी हातात उघडीच धरून.

"हा इथं कशाला आला होता?"

मी सांगितलं. खूण सांगितल्याचंही सांगितलं. अण्णा खुर्चीत बसले. डबी बंद करायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"अगं, ठेकेदाराला प्रत दिलीस?"

"सगळ्यांनाच दिली. तुम्हीच तर मोजलीत."

"आणि अर्ज? त्या म्हाताऱ्याचा अर्ज त्याला पाठवलास? काय लिहिलं होतं त्यात?"

मी आवक फाइल काढली. रेणुकाच्या गोल अक्षरात शेवटची ओळ होती, 'खांबाच्या सळ्या मी स्वतः बांधल्या आहेत व त्या बारा एमएमच्या आहेत.'

अण्णांनी ती ओळ वाचली आणि कागद माझ्याकडं उलटा सरकवला.

"मागं पाणंदीच्या कामाची माहिती मागणारा एक जण अर्ज मागं घ्यायला आला होता. डाव्या हातानं सही केली त्यानं. उजवा गळ्यात बांधलेला होता. ते कामही बापूंचंच."

"मला काय ठाऊक अण्णा? नियम तुमचाच ना?"

"नियम माझाच. पण डोकं तुझं होतं!" अण्णा ओरडले, आणि लगेच दाराकडं बघून आवाज खाली आणला. "आता तोंडाला कुलूप लाव. कुणी विचारलंच तर पत्र रीतीप्रमाणं गेलं. गेलं ना रीतीप्रमाणं? मग झालं."

झालं कसलं? मी कचेरी सुटल्या सुटल्या वडारवस्तीकडं निघाले. ऊन अजून होतं. मरीआईच्या देवळापाशी मातीत गाडीची चाकं उमटलेली, रुंद आणि ताजी. त्या वस्तीत चारचाकी यायचं काहीच कारण नव्हतं.

यल्लाप्पा दारात बसून पाटा घडवत होते. मला बघून हरखले. "अगं रेणुके, कचेरीतल्या बाई आल्यात! च्या ठेव!"

रेणुका बाहेर आली. तिशीची असेल. पदर खोचलेला, नजर सरळ. तिनं चहाचं काही बोलणं काढलं नाही. वरवंट्यांच्या रांगेवर पेढ्यांचा बॉक्स होता, सुतळीसकट तसाच. मुंग्या लागलेल्या.

"दुपारी एक माणूस दिऊन गेला," ती म्हणाली. "लई गोड बोलला. आप्पाला काका म्हणला. नातू कितवीत हाय इचारलं नाही त्यानं. त्यानंच सांगितलं. दुसरीत, ब तुकडी, खिडकीजवळ बसतो."

"आजोबा," मी म्हणाले, "अर्ज मागं घ्या. मी कागद आणलाय. नुसता अंगठा द्या, बाकी मी बघते."

"मागं घिऊ?" यल्लाप्पांनी छिन्नी खाली ठेवली. रागावले नाहीत. मला समजावून सांगायच्या सुरात म्हणाले, "बाई, अर्ज मागं घेता ईल. सळ्या कशा मागं घिऊ? म्या बांधल्यात त्या. उद्या काय इपरीत घडलं तर माझ्या हातानंच पोरं मारली म्हणायची की."

"अहो, पण ती माणसं..."

"असू द्या. तुमी रीतसर पत्र धाडलंय. माझ्या बापाला न्हाई, आज्याला न्हाई, सरकारनं कवा पत्र धाडलं न्हवतं. बघा, कुठं ठिवलंय."

आत देवीच्या तसबिरीमागं माझं पाकीट खोचलेलं होतं. त्याला हळदीकुंकू लावलं होतं. मला तिथं उभं राहवेना.

"पर एक सांगा बाई," यल्लाप्पा म्हणाले. "त्या माणसाच्या हातात आमच्या अर्जाची झेरॉक्स व्हती. माझ्या पोरीचं अक्षर मी वळखत न्हाई व्हय? आमी तर तो कागुद फकस्त तुमच्याकडं दिला. त्यास्नी कुणी दिला असंल?"

आता सांगते, तेव्हा चटकन सांगता आलं असतं. मी दिला. चुकून दिला. चार शब्द होते. पण डोळ्यांपुढं नोकरी आली, आईचं तोंड आलं, वडील आले.

"मला काय माहीत," मी म्हणाले. "कचेरीत शंभर माणसं येतात-जातात."

यल्लाप्पांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. रेणुका माझ्याकडं बघत राहिली.

मधले दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. कचेरीसमोर रोज एक पांढरी गाडी थांबायची, पंधरा-वीस मिनिटं, आणि निघून जायची. कुणी उतरायचं नाही. पोलिसांत जावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "काय सांगशील? पेढे दिले म्हणून?"

बारा तारखेला मी साडेनऊलाच गेले. अभियंत्यांच्या कपाटातून मोजमाप पुस्तिका काढून घेतली. टेबल पुसलं, दोन खुर्च्या मांडल्या, एक बापाला, एक लेकीला. पाण्याचा तांब्या भरून ठेवला. आज डोळ्यांदेखत पुस्तक दाखवायचं, मग सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. आणि अकराला दहा मिनिटं असतानाच मी रजिस्टर उघडून लिहिलं, 'अर्जदार उपस्थित.' ते येणारच होते. तसबिरीमागं पत्र ठेवणारा माणूस वेळ चुकवतोय होय!

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. खुर्च्या रिकाम्या. साडेअकराला मी पुस्तिका उघडली. खांबांचं पान सापडायला वेळ लागला नाही. सुरेख अक्षरात लिहिलं होतं, सोळा मिमी. आठही खांबांना सोळा. खाली सही, तपासल्याची सही, त्याखाली आणखी एक सही.

साडेबाराला अण्णा वर आले. दारातच थांबले.

"विमल, खाणीत माणूस मिळालाय. पाण्यात. सकाळी पाट्यासाठी दगड आणायला गेला होता म्हणे. पाय घसरला."

"कुणाचा पाय?"

अण्णांनी मी मांडलेल्या दोन खुर्च्यांकडं बघितलं.

"त्यांचा पाय खाणीत घसरला? अण्णा, चालायला लागल्यापासून त्या खाणीत वावरलेत ते!"

"पोलिसांनी लिहिलंय तसं. अकस्मात मृत्यू."

मी रजिस्टरातल्या 'अर्जदार उपस्थित' या शब्दांवर आडवी रेघ मारली. ती माझी पहिली खाडाखोड.

चारच्या सुमाराला अण्णांनी मजकूर सांगितला. मी लिहून घेतला. 'अर्जदार दिलेल्या दिनांकास व वेळेस उपस्थित राहिले नाहीत. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' माझे डोळे भरले होते, कागद नीट दिसत नव्हता. तरी हात आपोआप खाली गेला आणि त्यानं लिहिलं, प्रत माहितीसाठी. एक, दोन, तीन, चार. अण्णांनी मोजली. यल्लाप्पांचं पाकीट आठ दिवसांनी परत आलं. पोस्टमननं त्यावर लिहिलं होतं, 'मालक मयत'.

ह्याला बारा वर्षं झाली. अण्णा निवृत्त होऊन वारले. मी हेडक्लार्क झाले, आणि माहिती अधिकाराचे अर्ज आता माझ्याच सहीनं निकालात निघतात. बापू नगराध्यक्ष आहेत. टाकी उभी आहे. त्या आठवड्यापासून ती अर्धीच भरतात. लेखी आदेश कुठंच नाही, व्हॉल्व्हमनला तोंडी सांगून ठेवलंय. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, माझ्यासकट. आणि शेडात पोरं जेवतातच आहेत.

गेल्या महिन्यात एक अर्ज आला. अक्षर गोलच, पण आता ठाम. अर्जदार रेणुका यल्लाप्पा धोत्रे. मागण्या दोन. टाकीची मोजमाप पुस्तिका बघायला मिळावी. आणि बारा वर्षांपूर्वी आपल्या वडिलांना पाठवलेल्या पत्राची प्रत कुणाकुणाला दिली, ती जावक नोंद बघायला मिळावी.

माझ्या हाताखालच्या लिपिकानं उत्तर तयार करून आणलं. खाली यादी होती. पाच नावं, पहिलं नगराध्यक्षांचं. "मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, प्रत राहायला नको," तो म्हणाला. मी तो कागद फाडला. नवं पत्र हातानं लिहिलं, कुणालाही प्रत न देता, आणि स्वतः जाऊन रेणुकाच्या हातात दिलं.

परवा सकाळी अकराला ती आली. मिनिटाचाही फरक नाही. केस पिकलेत. मी खुर्ची दिली, पुस्तिका पुढं ठेवली. तिनं खांबांचं पान काढलं, वाचलं, मोबाइलवर फोटो घेतला. मग मी जावक रजिस्टर उघडलं. चारशे सतरा. तिचं बोट एक, दोन, तीन करत चारवर येऊन थांबलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

ती ओळीकडंच बघत होती.

"तवा आप्पानं इचारलं, तर मला काय माहीत म्हणाला व्हता तुमी."

"हो. खोटं बोलले. आणि घराची खूणही मीच सांगितली त्याला. मरीआईच्या देवळामागं, दारात पाटे-वरवंटे. रेणुका, मला..."

"नगा," ती म्हणाली. "माफीबिफी मागू नगा. म्या त्यासाठी आले न्हाई. तुमी गेल्यावर आप्पा म्हणलं व्हतं, बाई भली हाय, आपल्यासाठी पायपीट करत आली. त्येला तेवढंच ठाऊक ऱ्हाऊ दे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ह्या पानाची नक्कल द्या. सही-शिक्क्याची. आन पुस्तकाच्या पानाची बी."

मी झेरॉक्स काढल्या. 'सत्यप्रत' असा शिक्का मारला, खाली सही केली. ती बघत होती. रजिस्टरातलं अक्षर आणि खालची सही, दोन्ही एकाच हाताची.

"काळजी करू नकोस," मी म्हणाले. "ह्या वेळी कुणालाही प्रत जाणार नाही."

"असं कसं?" रेणुका उठून उभी राहिली. "आप्पाला एकट्यालाच ठाऊक व्हतं, म्हणून एकट्याला गाठला त्येंनी. आता समद्यास्नी धाडा. कलेक्टर, पोलीस, शाळेतल्या एकूण एक पोराच्या घरी. आन बापूला बी. माझ्या नावपत्त्यासकट धाडा."

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि दुपारभर लिहीत बसले. पुस्तिकेचं पान, जावकचं पान आणि सोबत माझा जबाब. दिवाणजी काय बोलला, मी काय सांगितलं, अण्णा काय म्हणाले, टाकी अर्धी का भरतात. खाली यादी केली. दीडशेच्या वर नावं झाली. पहिलं कलेक्टरांचं. बापूंचं चौथ्या नंबरावर, पूर्वी होतं तिथंच.

जबाबाखाली रेणुकाच्या पत्त्याआधी माझा पत्ता लिहिला. नुसतं 'गुरव आळी' लिहून भागणार नव्हतं, तिथं सगळी घरं सारखी. म्हणून खूणही लिहिली. मारुतीच्या देवळासमोर, दारात कढीपत्त्याचं झाड असलेलं एकच घर आहे.

टपाल परवा संध्याकाळी गेलं. बापूंच्या कचेरीत आमचं पत्र तिसऱ्या दिवशी पोचतं. तो दिवस उद्याचा.